गंगीनं वाडगं सोडलं

१

हसनखेड्याच्या गायरानावर पुंजाराम मेंढपाळाचं वाडगं होतं. पौषातल्या एका सकाळी त्याची बायको द्वारकाबाई न्याहारी घेऊन तिथं पोचली, तेव्हा काट्यांच्या कुंपणाआत एकही मेंढरू पायावर उभं नव्हतं. बरीचशी मेली होती. काही अजून पाय झाडत होती. मधोमध पुंजाराम पालथा पडला होता. घोंगडीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि मानेचे, दंडांचे, पोटऱ्यांचे कुत्र्यांनी लचके तोडले होते.

द्वारकाबाई ओरडली नाही. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, नवऱ्याच्या अंगावर टाकलं, आणि मग गावाकडे धावत सुटली.

कुत्री कुठली, हे कुणाला विचारावं लागलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मेलेली जनावरं गावानं नदीपलीकडच्या दरडीत नेऊन टाकली होती. तिथं कुत्री पोसली, व्याली. पुढं पाऊस पडला, मढी यायची थांबली, आणि मांसाला चटावलेली ती टोळी जिवंत जनावरांवर उतरली. शेळ्या गेल्या, वासरं गेली. पुंजारामची कोकरं तर रोज एक-दोन जात होती.

तेव्हा त्यानं एक गाढवीण विकत आणली. गाव पोट धरून हसलं. पण गाढवाला कुत्र्याचा उपजत राग. पुंजारामनं तिला कोकरांत बांधली, कोकरांत चारली, आणि वर्षभरात ती मेंढरांनाच आपला कळप समजू लागली. तिचं नाव गंगी. कुत्रं दिसलं की कान पाडून ती अंगावर धावून जायची, दातांनी मानगूट धरायची, पुढच्या पायांनी तुडवायची आणि असं ओरडायची की अर्धं गाव जागं व्हावं. दोन कुत्री तिनं जागीच मारली. त्यानंतर टोळी गायरानाच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

आणि आज तीच गंगी वाडग्यात नव्हती. गावातली माणसं शोधायला निघाली तर ती नदीच्या वाळूत, पलीकडच्या काठाकडं तोंड करून, निवांत उभी सापडली. अंगावर एक ओरखडा नव्हता.

"भिऊन पळाली," कुणीतरी म्हणालं. "गाढव ते गाढवच."

तेवढ्यात वसंता येऊन पोचला. पुंजारामचा धाकटा भाऊ. तो अंकुशनगरकडं ऊसतोडीला गेला होता. धोतराच्या फाडलेल्या पट्टीनं बांधलेलं बोचकं त्यानं बाजूला फेकलं आणि भावाच्या पायांवर पडला.

"दादा रे! पहिल्या गाडीनं आलो रे तुला भेटायला, अन् हे काय पाहून राह्यलो!"

रडता रडता तो उठला, कुणाच्या तरी हातातली कुऱ्हाड हिसकली आणि गंगीकडं निघाला. द्वारकाबाई आडवी आली.

"बाजूला व्हय, वैनी. हिच्यापायी गेला माझा भाऊ."

"ती भिऊन पळणारी न्हाई, वसंता," द्वारकाबाई म्हणाली. "तिला कुणीतरी नेलं. पोलीस येऊस्तोर तिला हात लावायचा न्हाई."

२

पोलीस दुपारी आले. पोलीस म्हणजे अंबडच्या ठाण्याचे जमादार रामकिसन साळवे, सायकलवर, आणि मागच्या कॅरियरवर त्यांना बोलवायला गेलेला गावचा कोतवाल.

"उशीर झाला मालक," कोतवाल जमलेल्या लोकांना सांगत होता. "फाट्यावर गाडीची वाट पाहून पाहून थकलो. मंग पायीच निघालो अंबडला."

रामकिसन साळवे पंचेचाळिशीचे, सावळे, कमी बोलणारे. लोकांना वाटलं, पंचनामा होईल, 'कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू' असं लिहिलं जाईल आणि प्रेत ताब्यात मिळेल. पण रामकिसन वाडग्याच्या तोंडाशीच थांबले.

वाडग्याला दार म्हणून काट्यांची झाप होती. ती बाहेरच्या अंगाला ओढून कुंपणाला नीट टेकवून ठेवलेली होती.

"झाप कोणी काढली?"

"म्या आले तव्हा अशीच व्हती," द्वारकाबाई म्हणाली.

कुत्री कुंपणाखालून शिरतात, झाप ढकलतात, पाडतात. ओढून टेकवून ठेवत नाहीत.

रामकिसन आत गेले. जमीन पायाखाली दबत होती. वर्षानुवर्षं साचलेल्या लेंड्यांचा जाड, मऊ थर होता तो. पुंजारामच्या डोक्याच्या मागच्या बाजूला खोल खोक पडली होती. पोलीस पाटील म्हणाले, पळताना दगडावर आपटला असेल. रामकिसननी सगळं वाडगं पायाखाली घातलं. मुठीएवढाही दगड तिथं नव्हता.

मग ते नदीवर गेले. गंगीला हलवलेलं होतं, पण ती उभी होती तिथली वाळू अजून तुडवलेली दिसत होती. बाभळीच्या एका खोडाभोवती खुरांचे ठसे दाटले होते. रामकिसन उकिडवे बसले. एक खूर लहान आणि अरुंद. दुसरा चांगला बोटभर जास्त रुंद, खोल रुतलेला. दोन्ही ठसे एकमेकांत मिसळलेले, शेजारी शेजारी.

"गावात अजून कुणाची गाढवं आहेत?"

"न्हाई जी. हसनखेड्यात गाढव एकच," कोतवाल म्हणाला.

म्हणजे ह्या वाळूत गावाबाहेरचं दुसरं गाढव उभं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "जमादार, चावे भरपूर आहेत. पण त्यातून रक्त फारसं आलेलंच नाही. जिवंत माणसाला कुत्रं असं चावलं तर घोंगडी भिजून जाईल. हा माणूस कुत्री येण्याच्या आधीच मेलेला होता. डोक्यावरच्या एका घावानं."

३

पुंजारामला मारावं असं कोणाला वाटत होतं, हे तालुक्याला माहीत होतं.

आदल्या साली सुगीत ह्याच गायरानावर एक आग लागली होती. गायरानाचा पडीक तुकडा काही बौद्ध कुटुंबं कसत होती. त्यातल्या लिंबाजीची ज्वारीची गंजी कुणीतरी पेटवली. गंजीच्या आडोशाला लिंबाजी झोपला होता. त्याला बाहेर पडता आलं नाही. त्याची बायको केशरबाई हिनं फिर्याद दिली ती भुजंगवर. भुजंग म्हणजे गावचे मोठे जमीनदार काकासाहेब यांचा राखणदार. काकासाहेबांना त्या तुकड्यावर ऊस लावायचा होता, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

आग लागली तेव्हा पुंजाराम मेंढरांसोबत टेकाडावर होता. त्याचा जबाब रामकिसननीच घेतला होता. पुंजाराम एवढंच म्हणाला होता, "पाह्यलंय साहेब. माणूस वळखलाय. पर जे बोलायचं ते कोर्टात, शपथ घेऊन." कितीही समजावलं तरी त्यानं नाव घेतलं नव्हतं. आणि आता अंबडच्या कोर्टातली त्याची तारीख चार दिवसांवर आली होती.

काकासाहेबांनी रामकिसनना ओसरीवर बसवलं. स्वतः झोपाळ्यावर बसले.

"कुत्र्यांनी फाडला त्याला. त्यात पोलिसांचं काय काम?"

"डोक्यात घाव आहे."

"मेंढपाळाच्या डोक्यात काय कमी घाव असतात?" काकासाहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "जमादार, तुमचीच माणसं गायरानात घुसलेली. अन् तपास करायला बी तुमीच. लोक काय म्हणतील, जरा इचार करा."

"लोक म्हणतील, साक्षीदार मेला अन् फायदा कोणाचा झाला," रामकिसन उठत म्हणाले. "भुजंग कुठाय?"

भुजंग गोठ्यामागं सापडला. धिप्पाड माणूस, पण दोन दिवसांत खंगल्यासारखा झाला होता. रामकिसनना पाहताच त्यानं हात जोडले.

"साहेब, सगळं गाव मला म्हणून राह्यलं की म्याच मारला. पर मी कामून मारू? तो मेला म्हणजे मीच मेलो!"

"म्हणजे?"

"मी गेल्तो त्याच्याकडं, महिन्याखाली. पाय धरले. म्हणलं, पुंजारामदादा, आग म्या लावली न्हाई, तुला ठाव हाय. तो म्हणला, भिऊ नको भुजंग. कोर्टात तुझं नाव येणार न्हाई." भुजंगनं पुन्हा हात जोडले. "साहेब, मला सोडवणारा तोच एक माणूस व्हता. आता मला कोण सोडवील?"

भुजंग खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलत होता. आणि खरं बोलत असेल तर सगळा तालुका वर्षभर चुकीच्या माणसाकडं बोट दाखवत होता.

४

केशरबाईचं घर गावाच्या खालच्या अंगाला होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली लिंबाजीचा. ती ज्वारी निवडत बसली होती. रामकिसनना तिनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"भुजंगनं आग लावली असं तुम्ही फिर्यादीत सांगितलं. पाहिलं होतं?"

"न्हाई भाऊ. पाह्यलं असतं तर कोर्टात पुंजारामची वाट कशाला पाहिली असती? भुजंग हा काकासाहेबांचा माणूस. तिथं दुसरा कोण येणार, असं वाटलं."

"पुंजाराम तुम्हाला काही बोलला होता?"

केशरबाईचे हात ज्वारीत थांबले.

"तिसऱ्या दिवशी आल्ता. दाराशी उभा राह्यला. आत ये म्हणलं तर आला न्हाई. म्हणला, बाई, म्या डोळ्यानं पाह्यलंय. मी म्हणलं, मंग सांग की नाव. तर खाली बसला अन् रडायला लागला. म्हणला, नाव घ्यायला जीभ उचलत न्हाई. कोर्टात घेईन. तिथं घ्यावंच लागंल."

"घाबरला होता?"

"पुंजाराम?" केशरबाईनं मान हलवली. "भर पंचायतीत काकासाहेबाला म्हणला व्हता, गायरान तुझ्या बापाचं न्हाई. तो कशाला भिईल? न्हाई भाऊ. तो भ्यालेला माणूस न्हवता. त्याचं रडणं घरातलं माणूस गेल्यावानी व्हतं."

रामकिसन बाहेर आले, सायकल हातात धरून चालू लागले. काकासाहेबांचं नाव घ्यायला पुंजाराम भीत नव्हता. भुजंगचं नाव घ्यायचं कारणच नव्हतं. मग असं कोणतं नाव होतं, की जे उच्चारायला त्या माणसाची जीभ उचलत नव्हती?

५

नदीपलीकडं कुंभारवस्ती होती. तिथं एकच घर उरलं होतं, गिरिजाबाई कुंभारणीचं. बाकीचे सगळे जालन्याला हमालीला गेले होते. तिच्या अंगणात एक दांडगा, करड्या रंगाचा गाढव बांधलेला होता.

रामकिसन आधी त्याच्या खुरांकडं गेले. रुंद खूर. बोटभर जास्तच.

"हा परवा नदीत गेला होता?"

"न्हाई जी," गिरिजाबाई घाईनं म्हणाली. "कुठं बी गेला न्हाई. इथंच व्हता."

रामकिसननी गाढवाच्या गळ्यातला दोर हातात घेतला. मऊ, जाड दोर. करड्या लोकरीचा, मधून काळ्या लोकरीचं एक पेड घातलेलं.

"कुंभाराच्या घरी लोकरीचा दोर कुठून आला, गिरिजाबाई?"

तिनं तोंडाला पदर लावला. मग एकदम खाली बसली.

"मारू नका माझ्या जनावराला. त्याचा काय बी गुन्हा न्हाई. सांजच्याला बांधून मी भाकरी करायला गेले. पाहते तर खुट्याला न्हाई. रात्र गेली. तांबडं फुटायच्या वक्ताला आपसूक दारात येऊन उभा राह्यला. गळ्यात हा दोर, तुटून लोंबत व्हता. मंग कळलं, पुंजारामच्या वाडग्यात असं झालं. मला भ्या वाटलं. दोर चांगला व्हता, टाकून देववला न्हाई."

"गंगी तुमच्याकडूनच नेली होती ना?"

"हाव जी. माझ्याच गाढविणीची ती."

"मग मला एक सांगा. गंगी मेंढरांना सोडून जाईल का?"

"कळपाला सोडून? बिलकुल न्हाई. ओढून नेऊन दुसरीकडं बांधली तर वरडून वरडून गाव गोळा करंल. दोर तोडंल." गिरिजाबाईनं आपल्या गाढवाकडं पाहिलं. "पर एक हाय. तिला तिच्या जातीचं जनावर भेटलं, की मंग मेंढरं कोण अन् कुत्री कोण. शेजारी उभी राह्यल, हूं का चूं करणार न्हाई. पुंजाराम दोन गाढवं न्यायला आल्ता. म्हणला, दोन असली तर पहारा पक्का. मी म्हणलं, एकच ने बाबा. दोन नेली तर दोघं एकमेकांसंगं चरतील, अन् तुझी मेंढरं कुत्री खातील."

"हे ऐकायला तिथं अजून कोण होतं?"

"पुंजारामच्या संगं आलेला एक जण."

"कोण?"

गिरिजाबाईनं नाव सांगितलं.

रामकिसननी लोकरीचा दोर सोडून घेतला, गुंडाळून पिशवीत ठेवला आणि तिच्याकडून दुसरा दोर मागून स्वतःच्या हातांनी गाढव बांधलं.

६

पुंजारामला मूल नव्हतं. त्याला अग्नी वसंतानंच दिला होता. रामकिसन पोचले तेव्हा मुंडण केलेला वसंता ओट्यावर बसला होता आणि राख सावडून आलेली माणसं नुकतीच उठून गेली होती. द्वारकाबाई दाराच्या आत भिंतीला टेकून बसली होती.

रामकिसननी पिशवीतून दोर काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

द्वारकाबाईनं तो उचलला. बोटांतून हळूहळू पुढं सरकवत नेला. काळ्या पेडाशी बोटं थांबली.

"हा कुठं घावला तुमाला?"

"तुम्ही ओळखता?"

"म्याच वळलाय. काळी मेंढी एकच हाय... एकच व्हती आमच्यात. तिची लोकर घातली." तिची नजर कोपऱ्यात पडलेल्या बोचक्यावर गेली. धोतराच्या पट्टीची गाठ अजून तशीच होती.

"वैनी, असले दोर ढिगानं असतात," वसंता म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "हा म्या तुला दिल्ता. ऊस तोडायला निघालास तव्हा बोचकं बांधायला." ती त्याच्याकडं पाहत नव्हती, दोराकडंच पाहत होती. "कुठं हाय तुझा दोर, वसंता?"

"हरवला."

"कुठं?"

"गाडीत हरवला. अंबडहून येताना."

"कोणत्या गाडीत?" रामकिसननी विचारलं.

"सांगितलं न्हवं का, त्या दिवशी पहिल्या गाडीनं..."

"त्या दिवशी पहिली गाडी आलीच नाही. अंबडलाच बंद पडली होती. कोतवाल फाट्यावर उभा राहून कंटाळला आणि पायी आला. तू कशातून उतरलास?"



रामकिसन त्याच्यासमोर ओट्यावर बसले. आवाज चढवला नाही.

"तू आदल्या दिवशीच सांजेला आलास. पुंजारामला मारायचं सोपं होतं, तो तुझ्याकडं पाठ करून बसणारा माणूस. पण डोक्यातला घाव लपवायला कुत्री पाहिजे होती, आणि कुत्र्यांच्या आड गंगी होती. तिला मारलं असतं तर मेलेल्या गंगीवरूनच पोलिसांना संशय आला असता. एकटी नेऊन बांधली असती तर ओरडली असती. गिरिजाबाई काय म्हणाली होती ते तुला आठवलं. कारण गंगीला आणायला भावासोबत तूच गेला होतास. म्हणून कुंभारवस्तीतलं गाढव सोडलंस, नदीत बाभळीला बांधलंस, आणि गंगीला त्याच्या शेजारी नेऊन उभं केलंस. ती नुसती उभी राहिली. तू भावाला मेंढरांत नेऊन टाकलंस आणि झाप काढून ठेवलीस. बाकीचं काम दरडीतल्या कुत्र्यांनी केलं. फक्त पहाटे ते गाढव दोर तोडून घरी गेलं, आणि तो दोर तुझा होता."

"पर कामून?" द्वारकाबाई पुटपुटली. "सख्खा भाऊ हाय तो. कामून मारील?"

"गंजी ह्यानं पेटवली होती, द्वारकाबाई. तुमच्या नवऱ्यानं पाहिलं ते ह्याला. म्हणून वर्षभर नाव त्याच्या तोंडातून निघत नव्हतं."

वसंता अजून नाही म्हणेल, असं रामकिसनना वाटत होतं. दोर हरवला म्हणता येतो, गाडी चुकीची आठवली म्हणता येते. कोर्टात हा दोर वसंताचाच, हे सांगणारी जगात एकच बाई होती, आणि ती ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा हा पोरगा तिच्या कमरेएवढा होता. तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला होता.

वसंतालाही ते कळत होतं. तो सरपटत तिच्याजवळ गेला.

"वैनी. तुला दुसरं कोण हाय आता? मला बी कोण हाय? सांग त्याला, दोर माझा न्हाई म्हणून."

द्वारकाबाईनं दोराची घडी केली. उठली, आणि ती घडी रामकिसनच्या हातात दिली.

"दोर ह्याचाच हाय," ती म्हणाली. "कुठं बी विचारा, मी हेच सांगंन."

७

अंबडच्या कोठडीत वसंतानं खून कबूल केला. गंजी पेटवली तेही कबूल केलं. गंजीआड माणूस झोपलाय हे माहीत नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. पण पेटवायला कुणी सांगितलं, हे विचारलं की त्याचं तोंड बंद. त्या दिवशी सकाळी शहरातला एक मोठा वकील त्याला भेटून गेला होता. वकील कुणी धाडला, हे वसंतानं सांगितलं नाही आणि वकिलानंही नाही.

दुपारी दोन बायका एसटीतून उतरून ठाण्यात आल्या. द्वारकाबाई आणि केशरबाई. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण बरोबर आल्या होत्या.

रामकिसननी त्यांना गजांपर्यंत नेलं. वसंता उठून उभा राहिला. केशरबाईला पाहून त्यानं मान खाली घातली.

द्वारकाबाईनं विचारलं, "त्यानं तुला काय म्हणलं व्हतं? मराच्या आधी."

वसंता खाली पाहतच बोलू लागला.

"निरोप धाडला व्हता मला, तारीख जवळ आली, येऊन जा म्हणून. मी आलो. तर म्हणला, कोर्टात मी बोलायच्या आधी तूच जा, कबूल हो. मी संगं येतो. वकील पाहू, मेंढरं इकू, लागंल तो खर्चा करू. मंग म्हणला, भुकेला असशील. वाडग्याभायेरच्या चुलीवर दूध ठिवलं अन् फुंकायला वाकला."

द्वारकाबाईनं गज धरला.

"कुणी लावायला लावली आग?"

"वैनी..."

"कुणी?"

"ते माझं वाटोळं करतील."

"तुझं वाटोळं व्हायचं काय राह्यलंय आता?" ती म्हणाली. "ह्या बाईचा नवरा जळाला. माझा कुत्र्यांनी खाल्ला. तो भुजंग फुकट फासावर गेला असता. अन् ज्यानं सांगितलं तो झोपाळ्यावर बसून राह्यलाय. नाव घे."

वसंता गजाशी आला. त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर खुंट उगवले होते. लहानपणी डोकं भादरल्यावर जसा दिसायचा तसाच आत्ताही दिसत होता, असं द्वारकाबाईनं पुढं कधीतरी केशरबाईला सांगितलं.

"नाव घेतलं तर मला माफ करशील, वैनी?"

"न्हाई."

तो गजापासून मागं सरकला.

"न्हाई करणार," ती पुन्हा म्हणाली. "कधीच न्हाई. तरी घे."

ठाण्याबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वसंता भिंतीशी जाऊन बसला. मग रामकिसनकडं न पाहता म्हणाला, "ल्याहा, जमादारसाहेब. गायरानातला अर्धा तुकडा माझ्या नावावर करतो म्हणले व्हते. सुरुवातीपासून सांगतो."

रामकिसननी दौत पुढं ओढली. द्वारकाबाई मात्र ऐकायला थांबली नाही. ती भिंतीचा आधार घेत बाहेर गेली आणि ठाण्याच्या पायरीवर, उन्हात बसली.

केशरबाई थांबली. गजांपासून हातभर अंतरावर ती उभी राहिली, आणि काकासाहेबांचं नाव आलं तिथपासून शेवटच्या शब्दापर्यंत तिनं सगळं उभ्यानं ऐकलं.